लायनरलेस लेबलचा प्रिंटर आतून चिकट होऊ नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. ८० मिमी रुंदीचा, २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके) छोटा थर्मल प्रिंटर (शाईऐवजी उष्णतेने छापणारा) बनवायचा आहे. हॉटेलच्या ऑर्डरची आणि वजनकाट्याची लेबलं छापण्यासाठी. लेबल लायनरलेस, म्हणजे मागे सोलून टाकायचा कागद नसलेलं. आतल्या प्रत्येक भागावर टेफ्लॉनचा लेप दिला, तरी रात्रभर बंद राहिलेला प्रिंटर सकाळी पहिलंच लेबल रोलरभोवती गुंडाळून घेतो आणि काही दिवसांत कटरवर गोंद साचतो. कोणता लेप वापरावा?

लेप बदलून फारसं हाती लागणार नाही. लेबलचा गोंद कशाला किती चिकटेल हे समोरच्या पृष्ठभागावर थोडंच अवलंबून असतं. किती क्षेत्रफळाला, किती दाबाखाली, किती वेळ आणि किती तापमानाला तो टेकून राहिला, यावर जास्त. या चार गोष्टी यंत्ररचनेने आणि फर्मवेअरने (प्रिंटरमधल्या आज्ञावलीने) आवाक्यात आणा आणि मग लेपाकडे वळा. लेप हा शेवटचा उपाय आहे. बहुतेक जण तिथून सुरुवात करतात आणि अडकतात.

हे असं का, ते आधी पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत. दाबाने चिकटणारा गोंद पूर्ण घन नसतो आणि पूर्ण द्रवही नसतो. हलका दाब दिला की तो सावकाश वाहतो आणि समोरच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खाचांत पसरतो. ३एम कंपनीच्या कार्ल डालक्विस्ट यांनी यासाठी मांडलेला निकष आजही वापरला जातो: खोलीच्या तापमानाला, सेकंदभराच्या स्पर्शात, पदार्थाची कडकपणाची मात्रा साधारण ०.३ मेगापास्कलच्या खाली असेल तरच तो स्पर्शाला चिकट लागतो. तापमान वाढलं की ही मात्रा आणखी घसरते. म्हणून चालू प्रिंटरमध्ये अर्धा सेकंद टेकलेला गोंद सहज सुटतो आणि तोच गोंद त्याच रोलरवर बारा तास दाबून ठेवला की सोडवताना कागद फाटतो. रोलर तोच, लेप तोच. बदलला तो फक्त वेळ.

टेफ्लॉनबद्दलही एक गैरसमज आहे. त्याची पृष्ठऊर्जा (ती जितकी कमी, तितकं त्यावर चिकटणं कठीण) १८ ते २० मिलीन्यूटन प्रति मीटर, सिलिकॉनची २० ते २४ च्या आसपास, एबीएस प्लास्टिकची ४० च्या घरात. हे आकडे पाहून टेफ्लॉन सर्वांत चांगला वाटतो. पण ॲक्रिलिक आणि रबरी गोंद टेफ्लॉनपेक्षा सिलिकॉनवरून जास्त सहज सुटतात, कारण सिलिकॉनच्या पृष्ठभागावरच्या रेणुसाखळ्या हलत्या असतात. सोलताना गोंद त्यांच्यावरून घसरतो. लेबलच्या मागचा कागद जगभर सिलिकॉनचाच लेप घेऊन येतो तो याच गुणामुळे. अपवाद एकच: गोंद स्वतःच सिलिकॉनचा असेल तर सिलिकॉनवर तो घट्ट बसतो, तिथे फ्लोरोपॉलिमर (टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक) लागतं. तुमच्या कामात तो गोंद येणार नाही.

आता कागदाच्या वाटेने रोलपासून बाहेरपर्यंत जाऊ.

लायनरलेस रोल उलगडणं हेच एक सोलण्याचं काम असतं. गोंदाची बाजू खालच्या फेऱ्याच्या सिलिकॉन लावलेल्या छपाईच्या बाजूला चिकटलेली असते. ती एकसारखी सुटत नाही, झटक्याझटक्याने सुटते. कान देऊन ऐकलं तर करकर ऐकू येते. हे झटके थेट हेडखाली, म्हणजे कागद तापवून छापणाऱ्या भागाखाली, पोहोचले की छपाईत आडवे पट्टे दिसतात आणि बारकोडच्या रेघांमधली अंतरं बिघडतात. २०३ डीपीआयला एक ठिपका ०.१२५ मिमीचा असतो, त्यामुळे तेवढा झटकाही पुरतो. म्हणून रोल आणि हेड यांच्यामध्ये स्प्रिंगवरचा हलता रोलर हवा, निदान १० ते १५ मिमी हालचालीचा. छपाईचा वेग १५० मिमी प्रति सेकंदाच्या वर न्यायचा असेल तर रोल उलगडायला वेगळी छोटी मोटर द्या.

मोटर निवडण्याआधी उलगडण्याचा जोर मोजा, आणि तो खऱ्या वेगाला मोजा. फिनाट या लेबल उद्योगाच्या युरोपीय संघटनेच्या पद्धतीत सोलण्याची चाचणी ३०० मिमी प्रति मिनिट वेगाने होते. तुमचा प्रिंटर १०० मिमी प्रति सेकंदाने चालला तरी तो वेग ६,००० मिमी प्रति मिनिट आहे. वेग वाढला की सोलायला लागणारा जोर बदलतो, आणि बहुतेक वेळा वाढतो. पुरवठादाराच्या तक्त्यातल्या आकड्यावर मोटर निवडली तर ती पहिल्याच उन्हाळ्यात पायऱ्या चुकवू लागेल (स्टेपर मोटर ठरावीक पायऱ्यांनी फिरते). एक रोल ४० अंशांना २४ तास ठेवून, थंड करून, त्याचा जोर मोजा आणि त्याच्या दुप्पट ताकद हाताशी ठेवा.

वाटेतल्या वळणांचा नियम सोपा आहे आणि तो शंभर टक्के पाळता येतो: वळण घेताना आतली बाजू रोलरला टेकते, म्हणून प्रत्येक वळणाला आतली बाजू सिलिकॉनची, म्हणजे छपाईची, असली पाहिजे. गोंदाच्या बाजूने एकही वळण नको. याचा आणखी एक फायदा आहे. लायनरलेस रोल गोंद आत आणि छपाईची बाजू बाहेर अशा पद्धतीने गुंडाळतात, त्यामुळे कागदाला गोंदाच्या बाजूला वळण्याची सवय लागते. प्लॅटन रोलर, म्हणजे कागद हेडवर दाबून पुढे ओढणारा रोलर, त्याच बाजूला असतो! रोल संपत आला, फेऱ्यांचा व्यास लहान झाला, की ही वळण्याची ओढ वाढते, आणि लेबल प्लॅटनभोवती गुंडाळण्याचे प्रकार रोलच्या शेवटी जास्त का होतात त्याचं कारण हेच. हेडच्या आधी १० ते १२ मिमी व्यासाच्या मोकळ्या फिरणाऱ्या रोलरवरून कागद उलट्या दिशेने वळवला की ही सवय बरीच मोडते. हा रोलर छपाईच्या बाजूला असल्याने त्याला चिकटण्याचा प्रश्नच नाही.

जिथे गोंदाच्या बाजूला आधार द्यावाच लागतो तिथे सपाट पट्टी टाळा. कागदाच्या धावेच्या दिशेत उभ्या कडा ठेवा: माथ्याला ०.५ मिमी रुंद, एकमेकींपासून ६ ते ८ मिमी अंतरावर, माथा गोलाई दिलेला. यातच स्पर्शाचं क्षेत्रफळ दहा टक्क्यांच्या आत येतं. गुळगुळीत, आरशासारखं चकाकणारं स्टील पाहून ते कमी चिकटेल असं वाटतं. प्रत्यक्षात गोंदाला पूर्ण क्षेत्रफळ मिळतं आणि ते सर्वांत वाईट ठरतं. काळा मार्क (लेबलची हद्द दाखवणारी खूण) वाचणारा सेन्सर गोंदाच्या बाजूला बसतो, त्याची काच कडांच्या माथ्यापासून निदान १ मिमी खाली ठेवा. नाहीतर धूळ आणि गोंद मिळून काचेवर करडा थर बसतो आणि लेबलची लांबी चुकू लागते. बाजूचे मार्गदर्शकही महत्त्वाचे आहेत. रोलच्या कडेने दाबामुळे आणि उष्णतेने गोंद थोडा बाहेर येतो, म्हणून तिथे घासणारी पट्टी न देता फिरणाऱ्या चकत्या द्या आणि कागदापेक्षा एकूण ०.५ मिमी सैल ठेवा.

लेबल पुरवठादाराशी बोलून गोंद पट्ट्यांमध्ये लावून घेता आला तर अर्धं काम तिथेच होतं. मधल्या कोरड्या पट्ट्या तुमच्या कडांच्या बरोबर वर येतील असं माप ठरवा. हॉटेलच्या पिशवीवर किंवा ग्लासवर चिकटायला पूर्ण क्षेत्रफळाचा गोंद लागत नाही. वजनकाट्याच्या लेबलला मात्र लागू शकतो, ओल्या पिशव्या असतात.

आता प्लॅटन रोलर. सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे, कारण दाब फक्त इथे असतो आणि तो टाळता येत नाही; दाबाशिवाय थर्मल छपाई होतच नाही. साध्या पावती प्रिंटरचा निओप्रीनसारख्या रबराचा रोलर इथे चालणार नाही. सिलिकॉन रबर घ्या, ४० ते ५० शोर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणापासून सुरुवात करा. मऊ रोलरवर कमी दाबातही चांगली छपाई होते, पण हेडखाली तो जास्त चपटा होतो आणि गोंदाला जास्त रुंद पट्टा मिळतो, म्हणून अगदी मऊ नको. पृष्ठभाग घासून मुद्दाम खरखरीत ठेवा. खोल खाचा हेडखालच्या रोलरवर करू नका, कागदाला आधार न मिळाल्याने छपाईत उभ्या फिकट रेघा येतात. व्यास जमेल तेवढा लहान ठेवा. १२ मिमीच्या रोलरचा बाक तीव्र असतो आणि कागदाचा ताठपणा त्याला आपोआप सोडवतो, २० मिमीच्या रोलरवर कागद बाकाला जुळवून घेऊन चिकटून राहतो.

रोलरला लागूनच, छपाईच्या रेषेच्या पुढे, सोडवणारी पट्टी लागते. तिची धार रोलरपासून ०.२ ते ०.३ मिमीवर, पूर्ण रुंदीभर. ती रोलरला घासता कामा नये, सिलिकॉन रबर घर्षणाला कमजोर असतं. लेबल रोलरबरोबर वळू लागलं तर या धारेने त्याचं टोक उचललं पाहिजे, म्हणून धारेचा कोन रोलरच्या स्पर्शरेषेला जुळवून घ्या. हे अंतर टिकवायचं असेल तर पट्टी आणि रोलरची बेअरिंग एकाच साच्यातल्या भागावर बसवा. पट्टी झाकणावर आणि रोलर बुडावर असेल तर ०.२ मिमी कधीच राखता येणार नाही.

रोलरच्या रुंदीत एक छुपी अडचण आहे. ८० मिमीच्या रोलरवर ५८ मिमीचं लेबल चालवलं की उरलेल्या भागात उघडं सिलिकॉन रबर थेट हेडवर घासतं, हेड झिजतं. शिवाय ५८ मिमीच्या कडेला गोंदाचं एक कडं रोलरवर तयार होतं, आणि नंतर ८० मिमीचा रोल लावला की त्या जागी छपाईत रेघ उठते. एका यंत्रात दोन रुंदी हव्याच असतील तर दोन रुंदीचे रोलर द्या आणि ते हाताने, पेचकसाशिवाय बदलता येतील असं करा.

हेडकडून येणारी उष्णता गोंदापर्यंत कशी जाते हेही लक्षात घ्या. एका ठिपक्याची तापवणी एखाद्या मिलिसेकंदाची असते, तेवढ्यात कागदापलीकडच्या गोंदाला फारसं काही कळत नाही. पण सलग पन्नास लेबलं छापली की हेडची पाठ आणि तिच्यामुळे रोलर तापतो. मग प्रिंटर थांबतो, आणि तापलेल्या रोलरवर तापलेला गोंद दाबाखाली पडून राहतो. लांब छपाईनंतरचा हा थांबा सर्वांत धोक्याचा. हेडच्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला) पुरेसा ॲल्युमिनियम द्या आणि रोलरच्या खाली मोटर किंवा वीजपुरवठ्याचा भाग ठेवू नका.

वेळेवर नियंत्रण फर्मवेअरने येतं, आणि ते फुकट असतं, म्हणून यावर सर्वांत आधी काम करा. शेवटचं लेबल छापून ३० सेकंद झाले की कागद ३ मिमी मागे आणि ३ मिमी पुढे हलवा. पुढे दर १० मिनिटांनी तेच करा. कागद वाया जात नाही आणि कुठलाही बिंदू जास्त वेळ दबून राहत नाही. मागे नेताना ३ ते ५ मिमीची मर्यादा पाळा; त्यापेक्षा जास्त मागे ढकलला तर कागदाची कमान होते आणि ती आतल्या कुठल्यातरी पट्टीला चिकटते. खर्च परवडत असेल तर एक लहान कॅम (फिरून हेड उचलणारी चकती) बसवून निष्क्रिय असताना हेडचा दाब काढून घ्या. रात्रभर वीज बंद राहणाऱ्या ठिकाणी ३ मिमीची युक्ती कामाची नाही, तिथे हा कॅमच लागतो. वीज जाताना कॅपॅसिटरमधल्या ऊर्जेवर तो एकदा फिरला की पुरे. तुमचा सकाळचा बिघाड याच जागी आहे.

मोठ्या थांब्यानंतरची पहिली हालचाल संथ ठेवा, २० मिमी प्रति सेकंदाने १० मिमीपर्यंत, मग नेहमीचा वेग. कमी वेगात सोलायला जोर कमी लागतो आणि स्टेपर मोटरची ताकदही कमी वेगातच जास्त असते, म्हणजे दोन्हीकडून फायदा.

कटरकडे येऊ. गोंद कापला जात नाही, तो ताणला जातो आणि तुटतो. तुटताना त्याचे तंतू पात्याला लागतात. सरळ खाली येणाऱ्या पात्यापेक्षा कात्रीसारखं कोनात सरकणारं पातं बरं, कारण एका क्षणी एकाच बिंदूवर कापणी होते आणि पात्याची पाठ आपली आपण घासून निघते. स्थिर पात्याला फक्त धार कागदाजवळ ठेवा, धारेपासून मागे पातं लगेच ०.५ मिमी खाली उतरलेलं हवं. कापताना पूर्ण तुकडा पाडू नका. मध्यभागी १ ते १.५ मिमीचा दुवा ठेवा. सुटं लेबल कटरच्या तोंडाशी पडून पात्याला चिकटतं, आणि पुढचं लेबल त्यावर आदळून अडकतं. दुवा ठेवला की माणूस ते हाताने ओढून घेतो. कापल्याबरोबर कागद १ ते २ मिमी मागे घ्या, म्हणजे नव्या टोकाचा गोंद स्थिर पात्यावर टेकून बसणार नाही. दिलेलं लेबल उचललं जाईपर्यंत पुढचं छापू नये यासाठी तोंडाशी सेन्सर हवाच.

काही यंत्रांत पात्याला सिलिकॉन तेलात भिजवलेली फेल्टची पट्टी लावतात. ती काम करते, पण तेल कमी हवं. जास्त झालं तर लेबलच्या कडेचा गोंद मरतो, कडा उचलल्या जातात, आणि तेल उलट वाटेने हेडपर्यंत पोहोचतं. दिवसाला शंभरेक लेबलं छापायची असतील तर कटर काढून टाकून दाते असलेली फाडण्याची पट्टी देणं जास्त शहाणपणाचं. एक हलता भाग कमी, एक चिकटणारी जागा कमी.

इतकं झाल्यावर लेप. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांसाठी खरखरीत धातू किंवा सिरॅमिकचा फवारा आणि त्यावर सिलिकॉन किंवा फ्लोरोपॉलिमर, असा दुहेरी लेप सर्वांत टिकाऊ. खरखरीत थराचे उंचवटे कठीण असल्याने ते झीज सोसतात आणि न चिकटणारा पदार्थ खोलगट भागात सुरक्षित राहतो. नुसता फवारलेला टेफ्लॉन कागदाच्या घर्षणाने कडांच्या माथ्यावरून पहिल्यांदा उडतो, नेमका जिथे स्पर्श आहे तिथून. तुमच्या यंत्रात भिंगाखाली पाहिलंत तर हेच दिसेल. नमुन्याच्या टप्प्यावर महाग लेपावर पैसे घालू नका. काचतंतूच्या कापडावर टेफ्लॉन चढवलेली ०.१३ मिमीची चिकटपट्टी, जी पॅकिंगच्या सीलिंग मशिनवर लावतात, ती संशयित जागांवर लावून पाहा. तिच्या विणीमुळे स्पर्शाचं क्षेत्रफळही घटतं. ती लावून अडचण गेली नाही तर महाग लेपानेही जाणार नाही.

माल निवडताना दोन गोष्टी विचारा. गोंद रबरी हॉटमेल्ट (वितळवून लावलेला) आहे की पाण्यातला ॲक्रिलिक? हॉटमेल्ट स्वस्त आणि पटकन धरणारा, पण उष्णतेत लवकर मऊ पडतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये आणखी, आणि प्रिंटरच्या पेटीत त्याहूनही. तिथे ॲक्रिलिकच हवा. दुसरं, छपाईच्या बाजूचं सिलिकॉन पूर्ण पक्व झालंय का? थर्मल कागद तापवता येत नाही, म्हणून हे सिलिकॉन सहसा अतिनील प्रकाशाने पक्व करतात. कच्चं राहिलं तर ते गोंदात उतरून त्याची पकड घालवतं आणि हेडवर मळ होऊन बसतं. रोलवरून ताजं उलगडलेलं लेबल स्वच्छ स्टीलवर लावून सोला. त्याच गोंदाच्या, लायनरवर आलेल्या लेबलपेक्षा पकड बरीच कमी असेल तर रोल परत पाठवा.

शीतगृहातली लेबलं हा वेगळा प्रकार आहे. नाशिक-निफाडच्या द्राक्षांच्या पॅकहाउससारख्या ठिकाणी थंड, ओलसर खोक्यांवर लेबल बसवायचं असतं, म्हणून तिथला गोंद मुद्दाम मऊ बनवलेला असतो. हाच गोंद ३० अंशांच्या खोलीतल्या प्रिंटरमध्ये गेला की नेहमीच्यापेक्षा कितीतरी लवकर वाहतो. अशा लेबलांसाठी लायनर असलेला मालच वापरावा असं माझं ठाम मत आहे.

सफाईसाठी प्रिंटर थंड होऊ द्या. रोलरवरचा गोंद त्याच लेबलच्या चिकट बाजूने टिपून काढा, गोंद गोंदाला उचलतो. उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. संत्र्याच्या सालीच्या तेलापासून बनलेले द्रावक कटरच्या पात्यावर छान काम करतात, रोलरवर मात्र नकोत, रबर फुगतं. ब्लेड किंवा पेचकसाने खरवडणं पूर्ण बंद करा. एका ओरखड्यात गोंद धरून बसतो आणि तिथूनच पुढचा थर वाढतो.

सध्याच्या नमुन्यावर काय आधी करावं हे ठरवायला एक चाचणी करा. त्याच कागदाचा, सिलिकॉन लावलेला पण गोंद नसलेला रोल पुरवठादाराकडून मागवा आणि दोन्ही रोलांवर कागद ओढायला लागणारा जोर चार स्थितींत मोजा: सलग छपाई, ५ मिनिटांचा थांबा, १२ तासांचा थांबा, आणि ४० अंशांत १२ तासांचा थांबा. सलग छपाईतच फरक मोठा असेल तर दोष उलगडण्यात किंवा पट्ट्यांमध्ये आहे. फरक फक्त थांब्यानंतर दिसत असेल तर प्लॅटन आणि हेडचा दाब यांकडे जा. चौथ्या स्थितीतच जोर उसळत असेल तर गोंद बदला, यंत्राला हात लावू नका. प्रत्येक स्थितीत किमान पाच वेळा मोजा, आणि रोलच्या सुरुवातीला व शेवटच्या दहा मीटरमध्ये वेगवेगळं मोजा.